स्मृतिभ्रंशाची उत्तरं पेशीत, आणि पेशीला हवा धीराचा पैसा

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घरोघरी ज्या विस्मरणाकडे काणाडोळा होतो, ते पुष्कळदा वयाचं नसून आजाराचं असतं. देशभरातल्या वृद्धांची तपासणी करून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त आढळलं. या आजारावरच्या भारतीय संशोधनाचं मोठं केंद्र बंगळूर आहे. त्याच शहरात, शिवाजीनगरच्या दाट वस्तीत, बोरिंग आणि लेडी कर्झन हे जुनं सरकारी रुग्णालयही आहे. संशोधनासाठी कोणता पैसा हवा हे ठरवताना प्रयोगशाळेतली पेशी आणि अशा रुग्णालयात येणारा वृद्ध, दोघांचाही विचार करायला हवा. तो विचार केला, तर पेशीच्या मूलभूत अभ्यासाला दीर्घ मुदतीचा सार्वजनिक निधी देण्यावाचून पर्याय दिसत नाही.

आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूत दोन गोष्टी दाखवल्या: पेशींबाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत झालेला गुंता. पहिल्यात अमायलॉइड हे प्रथिन असतं, दुसऱ्यात टाऊ. अमायलॉइड हटवलं की आजार थांबेल, या आशेवर अनेक दशकं औषधं शोधली गेली. अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेलं लेकॅनेमॅब अमायलॉइड खरोखरच कमी करतं. तरीही सुमारे १,८०० रुग्णांवरच्या चाचणीत दीड वर्षात घसरणीचा वेग २७ टक्क्यांनीच मंदावला. आजार थांबला नाही. काही रुग्णांच्या मेंदूला सूज आली, रक्तस्राव झाला. म्हणजे साचलेलं प्रथिन हा आजाराचा एक भाग आहे, सगळा आजार नव्हे. मेंदूतली सफाई करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशी, मेदाची ने-आण करणारं एपीओई प्रथिन, पेशीतली ऊर्जानिर्मिती आणि चेतापेशींमधले जोड, या सगळ्यांत बिघाड होतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या गटाने २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून यातला एक दुवा दाखवला. चेतापेशींच्या जोडांवरचे सूक्ष्म काटे अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांवर, मांडव बांबूंवर उभा राहावा तसे, उभे असतात. अमायलॉइडमुळे हे धागे सुटे होतात आणि त्याची सुरुवात स्मरणशक्ती ढासळण्याच्या आधीच झालेली असते. उपचाराची खरी संधी याच सुरुवातीच्या काळात असणार, आणि तो काळ पेशीत डोकावल्याशिवाय दिसत नाही.

असं डोकावायला वर्षं लागतात. उद्योजक क्रिस गोपालकृष्णन यांच्या प्रतीक्षा ट्रस्टने २०१४ मध्ये २२५ कोटी रुपये देऊ केले आणि विज्ञान संस्थेच्या आवारात मेंदू संशोधन केंद्र आकाराला आलं. या केंद्राने कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात पंचेचाळीशी ओलांडलेल्या दहा हजार ग्रामस्थांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करण्याचा प्रकल्प हाती घेतला. बंगळूर शहरातच दुसरीकडे, निम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था आणि राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांसारख्या संस्थांच्या संयुक्त प्रकल्पात, मनोविकार वा स्मृतिभ्रंश एकाहून अधिक जणांना असलेल्या कुटुंबांतल्या व्यक्तींच्या रक्तपेशींपासून मूलपेशी आणि त्यांपासून चेतापेशी घडवल्या जातात. जिवंत माणसाचा मेंदू न उघडता त्याच्याच जनुकांच्या चेतापेशी तपासण्याची ही सोय आहे. अशा कामात खंड परवडत नाही. दहा वर्षांच्या पाठपुराव्यातली तीन वर्षं निधीअभावी हुकली, तर ती नंतर कितीही पैसे ओतून भरून काढता येत नाहीत.

परदेशात अब्जावधी डॉलर खर्च होत असताना आपण तेच पुन्हा का करायचं, असा आक्षेप घेतला जातो. पण ते तेच नाही. जगातला बराचसा जनुकीय अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झाला आहे. अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या एपीओई जनुकाच्या ‘ई-४’ प्रकाराचा परिणाम पूर्व आशियाई लोकांत जास्त आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत कमी दिसतो. सगळ्यांना एकच माप लागू पडत नाही. शिवाय लेकॅनेमॅबची अमेरिकेतली सुरुवातीची किंमत वर्षाला २६,५०० डॉलर होती. आयात ज्ञानावर विसंबणं म्हणजे त्याची किंमतही दुसऱ्यांनी ठरवणं.

अधिक गंभीर आक्षेप असा की, जिथे काळजीवाहक आणि तज्ज्ञ डॉक्टर अपुरे आहेत, तिथे आधी त्यांच्यावर खर्च करावा. रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण, अल्पशिक्षण अशा चौदा धोक्यांवर काम केलं, तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकतात, असं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये म्हटलं. ते काम आजच सुरू व्हावं, यात दुमत नाही. पण उरलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना प्रतिबंध पुरणार नाही. शिवाय मधुमेह चेतापेशीला नेमकी कोणत्या वाटेने इजा करतो हे कळलं, तर प्रतिबंधही नेमका होईल. देश संशोधन आणि विकासावर स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो. ही तरतूदच इतकी तोकडी आहे की सेवा आणि संशोधन यांना एकमेकांच्या ताटातलं ओढायला लावण्याऐवजी ती वाढवणंच शहाणपणाचं.

अमायलॉइडच्या मागे वाया गेलेल्या पैशाचं काय, हाही प्रश्न रास्त आहे. या विषयावरचा २००६ मधला एक गाजलेला शोधनिबंध चित्रांतल्या फेरफारामुळे २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. मात्र त्यातून निघणारा धडा पैसा आटवण्याचा नाही. एकाच कल्पनेवर सगळी भिस्त न ठेवता अनेक गटांना अनेक वाटा तपासू द्याव्यात आणि निकालांची फेरतपासणी करणाऱ्यांनाही निधी मिळावा, हा तो धडा आहे.

विज्ञान संस्था मुळात जमशेटजी टाटांच्या देणगीतून आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर उभी राहिली. दाता आणि राज्य यांची ती जोडी आजही लागते. परंतु दाता सुरुवात करून देतो. तीस वर्षं काम चालू ठेवण्याची हमी सरकारच देऊ शकतं. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाच्या ५०,००० कोटींच्या आराखड्यात बहुतांश वाटा खासगी स्रोतांकडून अपेक्षिला गेला. स्मृतिभ्रंशासारख्या, फळ उशिरा देणाऱ्या विषयात ही अपेक्षा अपुरी ठरेल. त्यासाठी निदान दहा वर्षांचा, मध्येच न तुटणारा सरकारी निधी हवा. त्यातला ठरावीक हिस्सा बोरिंगसारख्या सरकारी रुग्णालयांना प्रयोगशाळांशी जोडण्यासाठी राखावा. उर्दू, तमिळ, कन्नड, मराठी बोलणाऱ्या आणि कमी शिकलेल्या वृद्धांच्या पेशी या संशोधनात आल्या नाहीत, तर त्यातून निघणारं औषधही त्यांना लागू पडेल याची खात्री कोणीच देऊ शकणार नाही.