घरपोच आलेली स्वस्ताई

बुऱ्हाणपुरास कापडाची पारख शिकवावी लागत नाही. येथील तलम वस्त्रे इराण, तुर्कस्तान आणि कैरोपर्यंत जात, असे सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए याने लिहून ठेवले आहे. आजही यंत्रमागांच्या या शहरात गिऱ्हाईक ताग्याचा काठ बोटांत धरून पाहते आणि मगच भाव करते. परंतु तेच गिऱ्हाईक मोबाईलवर चित्र पाहून शंभर रुपयांचा चार्जर निःशंकपणे मागविते. कापड आपला गुण बोटांना सांगते. चार्जरचा गुण मात्र बंद डबीच्या आत असतो.

त्या डबीत काय असते? भिंतीतील वीज २३० व्होल्टची, तर साध्या चार्जरमधून बाहेर पडणारी ५ व्होल्टची. हे रूपांतर करणाऱ्या इवल्याशा ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्ही बाजूंची वेटोळी विद्युतरोधक आवरणाने आणि काही मिलिमीटर अंतराने विलग ठेवावी लागतात. निकृष्ट मालात काटकसर होते ती नेमकी येथेच. आवरण पातळ, अंतर तोकडे आणि फ्यूज पुष्कळदा गाळलेलाच! असा चार्जरही काम करतो, म्हणून खरेदी फायद्याची वाटते. पण एके दिवशी आवरण फुटले, की भिंतीतील वीज हातातल्या मोबाईलपर्यंत पोहोचू शकते.

पॉवर बँकेत धोका निराळा. लिथियम-आयन घट प्रमाणाबाहेर भरू लागला, तर त्याला थांबविणारी छोटी योजना आत असावी लागते. ती नसली तर घट तापतो, आतील पातळ पडदा निकामी होतो आणि मग उष्णताच उष्णतेला वाढवीत नेते. अशी वस्तू रात्रभर उशीखाली ठेवण्याची सवय तरुणांत दिसते. तेथे उष्णतेला बाहेर पडण्यास वाटही उरत नाही.

पेनड्राइव्हमधील लबाडी जीवघेणी नसली तरी अधिक धूर्त आहे. आतील जागा थोडी, पण संगणकाला ती कितीतरी पट मोठी दिसावी अशी फेरफार केलेली असते. लग्नाची छायाचित्रे त्यात साठविली जातात आणि उघडून पाहू जाता सापडत नाहीत.

गरिबाने स्वस्त मागू नये, असे कोण म्हणेल? पण स्वस्त वस्तूवरही खूण पाहता येते. २०१२ च्या आदेशान्वये कित्येक इलेक्ट्रॉनिक वस्तूंची भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची झाली असून चार्जर व पॉवर बँकही त्यांत मोडतात. वस्तूवर ‘आर’ या इंग्रजी अक्षरापुढे आठ अंक असतात. ते ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये घालावेत आणि उत्पादकाचे नाव जुळते की नाही ते पाहावे, कारण आकडा कोणीही छापू शकतो. दुकानाच्या मोठ्या नावावर विसंबणेही बरे नव्हे. मार्च २०२५ मध्ये ब्यूरोने दिल्लीतील ॲमेझॉनच्या गोदामातून मानकचिन्ह नसलेली गीझर, मिक्सर यांसारखी साडेतीन हजारांहून अधिक उपकरणे जप्त केली होती.

विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि मालाचा मूळ देश दाखविणे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे, असेही त्यांत म्हटले आहे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. विक्रेता दिल्लीत असो वा सुरतेत, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते. त्यासाठी बिल जपून ठेवावे आणि पुडके उघडतानाच त्याचे चित्रण करून घ्यावे.