मोठें अंडें कन्येला

प्रकाशा येथें तापी-गोमाईच्या संगमावरून परततांना कपाशीचीं शेतें लागतात. बोंडअळी आवरण्यासाठीं शेतकरी कार्डें लावून ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशीच्या गणांतील जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची माशी सोडतात. ती आपलें अंडें पतंगाच्या अंड्यांत घालते. पिलानें तेथेंच खाऊन वाढावयाचें. तें अंडें मोठें, तर माशीही मोठी. आणि थोराड मादी अंडीं अधिक घालते. नराला मोठ्या देहाचा तितका लाभ नाहीं. म्हणून अशा कित्येक माश्या मोठ्या आश्रयांत फलित अंडें घालून कन्या, लहानांत अफलित घालून पुत्र उपजवितात. (आमच्या घरांतील वाटणी नेमकी उलट!) प्रयोगशाळेंत मात्र हिला तांदळाच्या पतंगाच्या बारीक अंड्यांवर पोसतात. तेव्हां कार्डावर अंडीं २०,००० आहेत एवढ्यावर न थांबतां, माद्या किती व अंगानें कशा, हेंही विचारावें. अळी एकदां बोंडांत शिरली, कीं ह्या माशीचें कांहीं चालत नाहीं.