आधी ऐका, मग सांगा

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवरील गप्पांत मला एक गोष्ट नेहमी जाणवते. कुणी म्हणाले, "ही गेल्यापासून घर खायला उठतं," की लगेच सल्ला मिळतो, "मन रमवा." बोलणारा तिथेच गप्प होतो.

कीव करणे वेगळे, दुसऱ्याच्या जागी जाऊन त्याचे दुःख समजून घेणे वेगळे. यालाच समानुभूती म्हणतात. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली मानसोपचाराच्या आवश्यक अटींत तिचा समावेश केला.

ती सवयीने येते. बोलणे मध्येच तोडू नका. "संध्याकाळ जास्त जड जाते का?" असे विचारा. सल्ला मागितला तरच द्या. मात्र जगणे नकोसे झाल्याचे कुणी बोलले, तर त्याला एकटे सोडू नका. लगेच डॉक्टरांकडे सोबत जा. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांकही जवळ ठेवा.