पिजिनमध्ये प्लगइन घालण्यापूर्वी

आपल्या काही केंद्रांतील जुन्या संगणकांवर आपसांतल्या निरोपांसाठी ‘पिजिन’ वापरतात. ते मोफत आहे, जड नाही, आणि वेगवेगळ्या सेवांची खाती एकाच खिडकीत उघडते. वसतिगृहाचे काम पाहणाऱ्या ताईंनी मागच्या बैठकीत विचारले, “सर, यात अजून काय काय घालता येतं?” प्रश्न छोटा, पण उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल.

प्लगइन म्हणजे मूळ प्रोग्रामला जोडलेला छोटा तुकडा. काही पिजिनबरोबरच येतात. बडी लिस्टच्या खिडकीत ‘टूल्स’ आणि मग ‘प्लगइन्स’ उघडले की यादी दिसते. हवे त्यापुढे खूण करायची, नको असेल तर खूण काढायची. बाहेरच्या लोकांनी तयार केलेले प्लगइन मात्र आधी उतरवून घ्यावे लागते. विंडोजवर त्याची ‘डीएलएल’ फाईल ‘ॲपडेटा’मधील ‘रोमिंग’च्या आत, ‘.पर्पल’ फोल्डरच्या ‘प्लगइन्स’ या कप्प्यात ठेवायची (कप्पा नसेल तर तयार करायचा) आणि पिजिन बंद करून पुन्हा उघडायचे. मग ते यादीत येते. ‘ॲपडेटा’ लपवलेले असते; सापडले नाही म्हणून घाबरू नये.

एवढे कोणालाही जमते, आणि काळजी नेमकी तिथेच आहे. प्लगइन पिजिनच्या आत चालते, म्हणून पिजिनला जे दिसते ते सगळे त्यालाही दिसते. ‘पासवर्ड लक्षात ठेवा’ अशी खूण केलेली असेल तर पिजिन 2 तो पासवर्ड त्याच ‘.पर्पल’मध्ये उघड अक्षरांत ठेवते. जुने संभाषणही तिथेच साठते. आपल्या संभाषणांत काय असते ते आठवा: कोणत्या मुलीला सिकलसेल आहे, कोणाच्या घरी भांडण झाले, कोण वसतिगृह सोडून गेली. पालकांनी हे आपल्याला विश्वासाने सांगितलेले असते.

6 जुलै 2024 रोजी पिजिनच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील बाहेरच्या प्लगइनांच्या यादीत ‘एसएस-ओटीआर’ नावाचे एक प्लगइन आले. पडदा दाखवण्याची सोय, असे त्याचे वर्णन होते. 16 ऑगस्टला एका व्यक्तीने कळवले, की हे प्लगइन दाबलेली प्रत्येक कळ टिपते आणि पडद्याची छायाचित्रे परक्यांकडे पाठवते. ते लगेच यादीतून काढले गेले. 22 ऑगस्टला संशय खरा ठरला. चूक कुठे झाली? त्याचा मूळ कोड कोणी पाहू शकत नव्हते, फक्त तयार फाईल मिळत होती, आणि हे यादीत घेताना कोणाच्या लक्षात आले नाही. त्यानंतर मान्य मुक्त परवाना असलेलीच प्लगइने यादीत घेण्याचा नियम झाला. यादीत नाव आहे एवढ्यावर मी तरी आता विसंबत नाही. कोड उघड आहे का आणि शेवटची दुरुस्ती केव्हाची, हे संगणक जाणणाऱ्याला विचारूनच पुढे जातो.

नको झालेल्या प्लगइनची खूण काढली तर ते चालायचे थांबते, पण फाईल राहते, ती खोडावी. शंका आली असेल तर तेवढ्याने भागत नाही. संगणकाचे इंटरनेट तोडा, तो जाणकाराकडे द्या, आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून बदला. त्याच संगणकावरून बदललात तर नवा पासवर्डही टिपला जाईल.