व्हिगो काउंटीचा कौल

कोंकणांत एखादें महत्त्वाचें कार्य आरंभण्यापूर्वीं ग्रामदेवतेस कौल लावण्याची चाल आहे. देवतेच्या पाषाणास चिकटविलेली कळी उजव्या बाजूस पडली कीं कार्य सिद्धीस जाणार, असें भाविक लोक मानतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असा कौल एक परगणा देतो, अशी समजूत पुष्कळ वर्षें रूढ होती. इंडियाना संस्थानांतील व्हिगो काउंटी हा तो परगणा होय. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्याच्या धर्तीचा, परंतु बहुधा त्याहून लहान असा विभाग.

ही काउंटी वॉबॅश नदीच्या कांठीं वसलेली असून टेर होट हें तिचें मुख्य शहर आहे. अमेरिकेंत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक दर चार वर्षांनीं होते. १८८८ पासून २०१६ पर्यंत अशा ३३ निवडणुकी झाल्या. त्यांपैकीं ३१ वेळां व्हिगोमध्यें ज्यास सर्वांत अधिक मतें पडलीं, तोच उमेदवार राष्ट्राध्यक्ष झाला. १९०८ व १९५२ हे काय ते दोन अपवाद. विशेष हें कीं, १९६० सालीं इंडियाना संस्थानानें निक्सन ह्यांस पसंत केलें असतां व्हिगोनें केनेडी ह्यांस मतें दिलीं, आणि केनेडीच विजयी झाले. १९७६ सालीं कार्टर ह्यांच्या बाबतींतही तसेंच घडलें. त्यामुळें निवडणूक जवळ आली कीं वृत्तपत्रांचे बातमीदार टेर होटच्या वाटेस लागत.

ह्या मेळाचें एक कारण त्या भागाच्या घडणींत सांपडतें. टेर होट हें आगगाड्या, कोळशाच्या खाणी व कारखाने ह्यांवर वाढलेलें शहर. तेथील संघटित मजूरवर्गाचा ओढा बहुतांशीं डेमोक्रॅटिक पक्षाकडे असे, तर भोंवतालच्या खेड्यांतील पुष्कळांचा कल रिपब्लिकन पक्षाकडे. शहरांत विद्यापीठ असल्यामुळें त्यांत विद्यार्थी व अध्यापक ह्यांची भर पडे. अशा रीतीनें दोन्ही पारडीं जवळजवळ समतोल राहत, आणि राष्ट्रांत वारा ज्या दिशेनें वाही त्या दिशेस तीं सहज झुकत. प्रसिद्ध मजूरनेते यूजीन डेब्स हे १८५५ सालीं ह्याच शहरीं जन्मले. समाजवाद्यांतर्फे ते पांच वेळां राष्ट्राध्यक्षपदासाठीं उभे राहिले. युद्धविरोधी भाषणाबद्दल शिक्षा झाल्यामुळें १९२० ची निवडणूक तर त्यांनीं तुरुंगांतून लढविली, आणि देशभर त्यांस ९ लाखांहून अधिक मतें मिळालीं. तथापि त्यांच्या जन्मभूमीचें मताधिक्य त्यांस एकदांही लाभलें नाहीं.

दुसरें कारण गणिताचें आहे. अमेरिकेंत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. तीन हजार मुलांनीं प्रत्येकीं दहा वेळां नाणें उडविलें, तर सुमारें तिघांचा दहाही वेळां छापाच पडेल. म्हणून त्या तिघांस कोणी ज्योतिषी म्हणणार नाहीं. मतदान कांहीं नाणेफेक नव्हे. तरी इतक्या काउंट्यांत एखाद्या काउंटीचा मेळ दीर्घकाळ जमावा, ह्यांत दैवी असें कांहीं नाहीं.

पुढें काळ पालटला. खाणी व कारखाने ह्यांतील जुना रोजगार घटला, मजूरसंघांचें बळ ओसरलें, आणि व्हिगोचीं पारडीं समतोल राहिलीं नाहींत. २०१२ सालीं ओबामा ह्यांच्या बाजूस असलेली ही काउंटी २०१६ सालीं ट्रंप ह्यांच्याकडे गेली. २०२० सालींही तिनें ट्रंप ह्यांनाच अधिक मतें दिलीं; परंतु राष्ट्राध्यक्ष झाले बायडन. मग लोकांचें लक्ष वॉशिंग्टन संस्थानांतील क्लॅलम काउंटीकडे वळलें. कारण १९८० पासून २०२० पर्यंत सलग ११ वेळां तिचा कौल खरा ठरला होता. परंतु २०२४ सालीं ट्रंप पुनः निवडून आले, तेव्हां क्लॅलमनें कमला हॅरिस ह्यांस अधिक मतें दिलेलीं होतीं!

ह्या काउंट्या 'चुकल्या' असें वृत्तपत्रें लिहितात. पण १९५२ सालीं व्हिगोतील ज्या नागरिकांनीं आयझेनहॉवर ह्यांस सोडून स्टीव्हन्सन ह्यांस मत दिलें, त्यांची चूक ती कोणती? मतपत्रिकेवर 'कोण जिंकेल?' असा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. 'राज्यकारभार कोणाच्या हातीं द्यावा?' एवढेंच तेथें विचारलेलें असतें. त्याचें उत्तर ज्यानें सदसद्विवेकबुद्धीस स्मरून दिलें, त्याचा उमेदवार पराभूत झाला तरी त्याचें मत वायां गेलें नाहीं. उलट, पारडें जड दिसतें म्हणून जो तिकडे वळतो, त्याचा उमेदवार विजयी झाला तरी त्यानें स्वतःचें असें मत दिलेंच नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, वर्गनायक निवडावयाचा असतो तेव्हां 'कोण येणार?' हा प्रश्न आपल्या वर्गांत प्रथम ऐकूं येतो, आणि 'योग्य कोण?' हा मागाहून. कांहीं वर्षांनीं आपण खऱ्या मतदानकेंद्रांत उभे राहूं. तेथें हा क्रम उलटा असावा, ह्याची संवय आजच वर्गांत लावून घेणें बरें.