घोडा रंगवताय? आधी नाकाकडे बघा!

पोळ्याचे मातीचे बैल रंगवून झाले की डब्यांत रंग उरतोच. परतूरला आमच्या घरी तो प्लास्टरच्या घोड्यावर जातो. गेल्या वर्षी मी एक पांढराशुभ्र केला, नाकाला काळा हात मारला आणि ऐटीत सांगितलं, "हा नुकरा!" घोड्यांच्या बाजारात आयुष्य घालवलेले शेजारचे काका हसले. "नुकऱ्याचं नाक गुलाबी असतंय बाबा. हा तर म्हातारा सब्जा झाला."

खरंच की! माळेगावच्या खंडोबा यात्रेत किंवा सारंगखेड्याच्या बाजारात नीट बघा, नुकऱ्याची कातडीच गुलाबी. सब्जा मात्र जन्मतो काळा नाहीतर तांबूस आणि वर्षागणिक पिकत जातो. कातडी शेवटपर्यंत काळीच. जनुकातला ४,६०० अक्षरांचा एक तुकडा दोनदा छापला गेल्याचा हा प्रताप, २००८ साली उघडकीला आला. ऐन उमेदीत त्याच्या अंगावर रुपयाएवढे फिकट गोल उमटतात. ते स्पंजाने टिपा, कडा पुसट ठेवा.

नवशिक्यांनी पंचकल्याणी घ्यावा: चारी पाय आणि तोंड पांढरं, बाकी हवा तो रंग. हात बसला की पांढऱ्या चट्ट्यांचा अबलख. त्यातल्या एका जातीच्या नक्षीत गुणसूत्राचा तुकडा उलटा बसलेला असतो. पांढरा पट्टा पाठीवरून खाली ओघळतो, पाय पांढरे, तोंड मात्र बहुधा गडद.

श्यामकर्णाची तर गोष्टच न्यारी. विश्वामित्रांनी गालवाकडे गुरुदक्षिणेत मागितले चंद्रासारखे पांढरे, एक कान काळा असलेले ८०० घोडे! तीन राजांची दारं ठोठावून जमले ६००. आपलं काम एका ब्रशात होतं. आणि ही नुसती पुराणातली वांगी नव्हेत. अंग पांढरं नि कान-टाळूवर टोपीसारखा रंग, असे घोडे खरेच असतात. अमेरिकेतल्या मैदानी आदिवासी जमाती त्यांना पवित्र मानत.

ठिपक्यांचा घोडा हवा? फ्रान्सच्या पेश मेर्ल गुहेत सुमारे २५,००० वर्षांपूर्वी कुणीतरी रंगवून ठेवलाय. चित्रकाराची कल्पनाशक्ती, असं म्हणून लोक मोकळे व्हायचे; २०११ मध्ये जुन्या हाडांतल्या डीएनएने ठिपके खरे ठरवले. या घोड्यांच्या खुरांवर उभे पट्टे असतात, ते विसरू नका. आईबाप दोघांकडून हा गुण आला, तर बिचाऱ्याला रात्री दिसत नाही.

माझा लाडका मात्र 'द टेट्रार्क'. १९११ साली आयर्लंडमध्ये जन्मलेला, करड्या अंगावर चुन्याचे फटकारे मारल्यासारखा. लोक त्याला डुलणारा लाकडी घोडा म्हणून चिडवायचे. १९१३ मध्ये तो सात शर्यती धावला आणि सातही जिंकला.

माझ्या घोड्याचं नाक मी काळंच ठेवलंय. जुन्या टूथब्रशने अंगभर तांबूस शिंतोडे तेवढे उडवले. म्हाताऱ्या सब्ज्याला ते बऱ्याचदा येतात.