पेंग्विनचा गारवा, बाष्पाचा भार

भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ साली सोलहून हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यांचं दालन १६ ते १८ अंशांवर ठेवतात. पावसाळ्यात मुंबईच्या घनमीटरभर हवेत २२-२३ ग्रॅम बाष्प असतं. ती १६ अंशांपर्यंत गार केली, की त्यातलं आठ-नऊ ग्रॅम पाणी होऊन एसीच्या गार कॉइलवर उतरतं. खरा भार याचाच! ग्रॅमभर बाष्पाचं पाणी होताना सुमारे २,४५० ज्यूल उष्णता कॉइलला मिळते. तेच पाणी एका अंशाने गार करायला जेमतेम ४.२.

वीजघरातही वाफेचं असंच पाणी करतात; तिथे वाफ गार करणाऱ्या नळ्यांवर पाण्याचा सलग पापुद्रा उष्णतेची वाट अडवतो. थेंब घरंगळले तर धातू उघडा पडतो, उष्णता कितीतरी पट वेगाने जाते. एसीत मात्र उलटं: थेंब कॉइलच्या पत्र्यांच्या फटीत अडकून हवाच कोंडतात. म्हणून तिथे पाणी पसरवणारा लेप देतात.